कागदावरची पहिली लाट

मलकापूरहून बुलढाण्याकडे जातांना राजूर घाटाच्या अलीकडे लागतें तें मोताळा आमचें गांव. तेथील घरीं थोरले काका राहतात. दोन वर्षांपूर्वीं घाट चढून ते बुलढाण्यास गेले असतां त्यांनीं सहज म्हणून हृदयाचा विद्युत्-आलेख काढून घेतला. ‘विशेष कांहीं नाहीं’ असा निर्वाळा मिळाला आणि तो कागद घडी होऊन ट्रंकेंत गेला. गेल्या वैशाखांत सकाळीं संध्या आटोपून उठतांना त्यांचा उजवा हात लुळा पडला व वाचा गेली. त्या दिवशींच्या आलेखांत ठोक्यांचा ताल पार विस्कटलेला होता. मागाहून मीं ट्रंकेंतला जुना कागद काढला, आणि तेव्हांपासून या विषयाचा नाद घेतला.

या विकारास डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण अलिंदकंप म्हणूं. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, एकसाथ आकुंचित न होतां मिनिटास ३५० ते ६०० वेळां नुसते थरथरतात. त्यांतील कांहीं ठोकेच खालीं पोंचतात, तेहि वेडेवांकडे. म्हणून नाडी बेताल होते. पण खरें भय निराळें आहे. डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यांत रक्त साचून गोठतें, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली कीं पक्षाघात. या रोग्यांस त्याचा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो.

ही थरथर उपजते कशी? हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणांत अतिसूक्ष्म दारें असतात. सोडियमचें दार उघडतांच त्याचे विद्युद्भारित कण आंत घुसतात व लहर सुरू होते. मागोमाग आलेल्या कॅल्शियमनें पेशी आकुंचन पावते. शेवटीं पोटॅशियम बाहेर पडून ती विसांवते. या विसांव्यांत नवी लहर तिला शिवूं शकत नाहीं. सोंवळेंच म्हणाना! पोटॅशियम फाजील जलद बाहेर पडूं लागलें कीं हें सोंवळें लवकर सुटतें, आणि लहर परत फिरून गरगरत राहते. चीनमधील एका घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अलिंदकंपाचें मूळ २००३ सालीं पोटॅशियमच्या अशाच एका दाराच्या जनुकांत सांपडलें. अशीं घराणीं फार थोडीं. वय, रक्तदाब, मधुमेह, लहानपणीं सांधे सुजून आलेल्या तापानें बिघडलेली झडप, हींच नेहमींचीं कारणें. मात्र एकदां सुरू झालेली थरथर स्वतःच मुरत जाते. १९९५ सालीं हॉलंडांत मास्ट्रिख्ट येथें शेळ्यांवर प्रयोग झाले. मुद्दाम उत्पन्न केलेला कंप प्रथम क्षणांत थांबे, पण वारंवार चालूं ठेवल्यावर तो दिवसेंदिवस अधिक टिकूं लागला.

या लहरींचें चित्र कागदावर नीट उतरविलें तें लायडनच्या आइन्थोव्हेन यांनीं. त्यांचे रोगी हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसत! १९२४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. चित्रांतील पहिली लहान लाट, ‘पी’, अलिंदांची. अलिंदकंपांत ती नाहींशी होते. पण पुष्कळदां विकार प्रकटण्याआधींच तिची चर्या पालटते. नेहमींच्या वेगानें काढलेल्या आलेखांत एक बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. पी लाट तीन चौकटींहून रुंद असेल तर लहर अलिंदांत रेंगाळते आहे असें समजावें. पी-च्या आरंभापासून पुढच्या उंच शिखराच्या आरंभापर्यंत पांचाहून अधिक चौकटी असतील तर तोहि इशाराच. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या दीर्घ पाहणींत अशा लोकांस पुढें अलिंदकंप होण्याचा संभव सुमारें दुप्पट दिसला. काकांची पी लाट मीं मोजली. जवळजवळ चार चौकटी.

केवळ रुंद लाटेवरून रक्त पातळ करण्याचें औषध देत नाहींत. इशारा म्हणजे रोग नव्हे. पण तो कोणीं वाचला असता तर निदान नाडी वरचेवर पाहिली गेली असती. शार्ङ्गधरानें सांगितलेली अंगठ्याच्या मुळाशींची नाडी येथें उपयोगी पडते. तीन बोटें ठेवून पुरा एक मिनिट मोजावें. ठोके कसल्याहि क्रमाविना पुढेंमागें पडत असतील तर विलंब न लावतां आलेख काढावा.

तापानें झडप अरुंद झालेल्यांनीं शेजाऱ्याचें नवें औषध पाहून वॉरफॅरिन सोडूं नये. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणींत अशा रोग्यांत जुन्या जातीच्या औषधावर मृत्यु कमी झाले. तें घेणारास अळू, मेथी वर्ज्य नाहीं. पण एक दिवस पातेलेंभर आणि मग आठवडाभर मुळींच नाहीं, असें मात्र करूं नये.

काकांची वाचा अर्धीमुर्धी परतली आहे. रोज सायंकाळीं नात त्यांचें मनगट धरून बसते व आंकडा पंचांगाच्या कडेला लिहिते. परवां काकूंनींहि न सांगतां हात पुढें केला.