मायका पार्सन्सला सोडून काउबॉइजने काय कमावले? चाहत्यांचा वाद नेमका काय?

२०२५ चा एनएफएल हंगाम आठवड्यावर असताना डॅलस काउबॉइजने हुकमी बचावपटू मायका पार्सन्स ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकला. चार हंगामांत ५२.५ सॅक, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला पासआधीच पाडणे, ही त्याची कामगिरी. बदल्यात केनी क्लार्क आणि पहिल्या फेरीतले दोन ड्राफ्ट पिक मिळाले.

मग सोडला का? एक गट सॅलरी कॅपकडे बोट दाखवतो. आयपीएलच्या पर्ससारखीच ही मर्यादा. २०२५ मध्ये प्रत्येक संघाला २७.९२ कोटी डॉलर. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा करारच वर्षाला सरासरी ६ कोटींचा. ग्रीन बेने पार्सन्सला सरासरी ४.७ कोटी दिले. दोघांना कसे पोसायचे?

दुसऱ्या गटाला हे पटत नाही आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे. करारातली सरासरी रक्कम त्याच वर्षी कॅपमध्ये धरली जात नाही. साइनिंग बोनस पाच वर्षांपर्यंत विभागता येतो. ग्रीन बेने तेच केले. त्यामुळे राग आहे तो जेरी जोन्स यांच्यावर. १९८९ पासून मालकही तेच, जनरल मॅनेजरही तेच. शेवटचा सुपर बोल मात्र जानेवारी १९९६ मधला.

२८ सप्टेंबर २०२५ ला पॅकर्स आर्लिंग्टनमध्ये आले. जादा वेळेत पार्सन्सने प्रेस्कॉटला पाडले. त्याच बचावाविरुद्ध काउबॉइजने ४० गुणही केले. सामना ४०-४० असा बरोबरीत सुटला आणि वाद तिथेच राहिला.