रोम शहर आणि लहान मुलें

श्रोतेहो, येत्या सुट्टींत मुलांना घेऊन रोमला जावें अशा विचारांत असलेलीं कांहीं कुटुंबें आज हें भाषण ऐकत असतील. एके काळीं हा प्रवास संस्थानिकांनीं, मोठ्या व्यापाऱ्यांनीं आणि विलायतेस शिकावयास जाणाऱ्यांनीं करावयाचा असे. आतां मध्यम स्थितींतील गृहस्थहि चार-पांच वर्षें पैसे सांठवून बायकामुलांसह युरोप पाहून येतो. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु परत आलेल्या मुलाला ‘तेथें काय पाहिलेंस?’ म्हणून विचारावें, तर पुष्कळदां उत्तर येतें, ‘पडक्या भिंती.’ एवढा खर्च, एवढी पायपीट, आणि मुलाच्या मनांत उरलें काय, तर भिंती आणि ऊन! त्यांतून इतिहास या विषयाची नावड मात्र कायमची बसते. मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला आणि निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांचा नातू व सहा वर्षांची नात यांच्याबरोबर हें शहर पायीं हिंडलों. त्या आधारावर चार गोष्टी सांगतों.

लहान मुलाला प्राचीनपणाचें कौतुक नसतें. दोन हजार वर्षें हा आंकडा त्याला लिहितां येतो, पण त्याचें वजन कळत नाहीं. त्याच्या लेखीं आपले आजोबा आणि जूलियस सीझर हे जवळजवळ एकाच काळचे. त्याला कौतुक असतें तें चालत्या वस्तूंचें. पाणी कोठून येतें, दार कसें उघडतें, तोफ खरोखर उडते कीं नुसती ठेवलेली आहे, हे त्याचे प्रश्न. या बाबतींत रोम शहर फार सोईचें आहे. कारण तेथें पुष्कळ जुन्या वस्तु संग्रहालयांत जाऊन बसलेल्या नाहींत, त्या अजून आपलें काम करीत आहेत. मुलांना प्रथम अशाच वस्तु दाखवाव्या, आणि पडक्या भिंतींकडे मागाहून वळावें.

पहिला मान पाण्याचा. रोमच्या रस्त्यांवर आणि चौकांत ठिकठिकाणीं बिडाचे गोल खांब उभे आहेत. त्यांना एक वांकडी तोटी असते आणि तींतून रात्रंदिवस थंड, पिण्याजोगें पाणी वाहत असतें. त्या तोटीच्या आकारावरून लोक या नळांना ‘नासोने’ म्हणतात. आपल्या भाषेंत याला चांगला शब्द आहे, ‘नाकाडा’. असे सुमारें अडीच हजार नाकाडे या शहरांत आहेत. तोटीच्या वरच्या बाजूस एक बारीक भोंक असतें. तोटीचें तोंड बोटानें दाबून धरलें, कीं त्या भोंकांतून पाण्याची धार वर उडते आणि वांकल्यावांचून पाणी पितां येतें. ही युक्ति मुलांना एकदां दाखवावी. मग प्रत्येक गल्लींत नवा नाकाडा शोधण्याचें काम तीं आपण होऊन करतात, आणि ‘पाय दुखतात’ ही तक्रार बंद होते. आपल्याकडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला तें अखंड वाहणारें पाणी पाहून जीव तुटल्यासारखें होतें, हें खरें. पण पाणी खेळतें राहिल्यानें ताजें राहतें, अशी त्यामागची समजूत आहे.

पाण्याचाच माग काढीत त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्याकडे यावें. हें कारंजें १७६२ सालीं पुरें झालें. मात्र त्यांत येणारें पाणी ज्या जलमार्गाचें आहे, तो आग्रिप्पा या रोमन सरदारानें इ. स. पूर्व १९ मध्यें बांधला. त्याचें नांव ‘कुमारीचें पाणी’. अशी कथा सांगतात कीं, तहानेल्या शिपायांना एका लहान मुलीनें हा झरा दाखविला. कारंज्याच्या मागील भिंतीवर वरच्या बाजूस त्या प्रसंगाचें कोरीव चित्र आहे, पण खालच्या गर्दींत उभा असलेला मोठा माणूस सहसा तिकडे पाहत नाहीं. मुलांना ती मुलगी शोधावयास सांगावें. जलमार्ग मधून मधून बिघडला, पुन्हां दुरुस्त झाला. परंतु पाणी त्याच वाटेनें येतें आहे. कारंज्याकडे पाठ करून पैसा टाकण्याची रीत आहे. ते पैसे गोळा करून ‘कारितास’ या संस्थेमार्फत गरिबांसाठीं खर्च केले जातात, हेंहि मुलांना सांगावें. पाण्यांत मात्र पाय घालूं देऊं नये. तेथें त्याबद्दल दंड होतो. तसाच निर्बंध स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास २०१९ पासून आहे.

तेथून दहा मिनिटांच्या चालीवर पँथेऑन हें देवालय आहे. सम्राट हेड्रियनच्या कारकीर्दींत, इ. स. १२६ च्या सुमारास तें पुरें झालें आणि इ. स. ६०९ पासून तें ख्रिस्ती मंदिर आहे. त्याचा घुमट लोखंडाच्या सळईवांचून केवळ काँक्रीटचा ओतलेला असून तशा प्रकारचा त्याहून मोठा घुमट आजतागायत जगांत नाहीं. आंतील रुंदी आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारें ४३ मीटर, म्हणजे एक प्रचंड चेंडू आंत नेमका बसावा. घुमटाच्या माथ्यावर जवळजवळ नऊ मीटर रुंदीचें उघडें भोंक आहे. पाऊस आला तर? हा प्रश्न मुलेंच विचारतात, आणि उत्तरहि त्यांनाच शोधूं द्यावें. पाऊस सरळ आंत पडतो. फरशी मध्यभागीं किंचित् फुगीर आहे आणि तींत बारीक भोंकें आहेत, त्यांतून पाणी निघून जातें. माझ्या नातवानें तीं भोंकें मोजण्यांत अर्धा तास घालविला आणि तेवढ्या वेळांत मला निवांत बसावयास मिळालें. उन्हाचा दिवस असेल तर त्या झरोक्यांतून सूर्याचा मोठा गोल कवडसा भिंतीवर पडतो. कोणत्या खांचेला तो टेंकला आहे हें लक्षांत ठेवून पाव तासानें पुन्हां पाहावें. पृथ्वी फिरते, हें वर्गांतल्या गोलावर पटलें नाहीं तरी येथें पटतें.

पँथेऑनच्या मागें मिनर्व्हेचा चौक आहे. तेथें एक दगडी हत्ती पाठीवर मिसर देशांतील स्तंभ घेऊन उभा आहे. त्याची कल्पना बेर्निनी या शिल्पकाराची असून तो १६६७ मध्यें उभारला गेला. गणपतीच्या देशांतून आलेलीं मुलें हत्तीची परीक्षा कसून करतात. नातीचा निकाल असा पडला कीं, कान बरे आहेत, पण सोंड फार लांब झाली आहे. खुद्द रोमकर पूर्वीं त्याला डुकराचें पिलूं म्हणत असत, तेव्हां तिचें फारसें चुकलें असें मला वाटत नाहीं.

आतां कोलोसियम. हें पाहिल्यावांचून कोणी परत येत नाहीं, आणि मुलांच्या दृष्टीनें हेंच सर्वांत कठीण स्थळ आहे. प्रथम सोपा भाग सांगतों. इमारतीभोंवतीं तळाशीं ८० कमानी होत्या आणि त्यांपैकीं ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते, म्हणजे हजारों प्रेक्षकांना आपापलें द्वार सांपडावें. उत्तरेकडील शाबूत राहिलेल्या भागावर २३ पासून ५४ पर्यंतचे आंकडे अजून वाचतां येतात. रोमन अंक शिकलेल्या मुलाला ४४ वा दरवाजा शोधावयास सांगावें. शाळेंत त्यानें पन्नासापूर्वीं दहा आणि पांचापूर्वीं एक अशी चिन्हें लिहून ४४ करावयास शिकलेलें असतें. कमानीवर मात्र चाळिसाच्या चिन्हापुढें सरळ चार उभ्या रेघा ओढलेल्या आहेत. ‘रोमन लोकांनाच रोमन अंक येत नव्हते!’ असें आमच्या चिरंजीवांनीं मोठ्यानें जाहीर केलें. लिहिण्याचे नियम पुष्कळदां लिहिणारे होऊन गेल्यावर ठरतात, हें त्याला तेव्हां सांगतां आलें.

कठीण भाग पुढें आहे. ही वास्तु कशासाठीं बांधली? इ. स. ८० मध्यें सम्राट टायटसनें तिचें उद्घाटन केलें तेव्हां खेळ १०० दिवस चालले आणि त्यांत नऊ हजार जनावरें मारलीं गेलीं, असें डिओ या प्राचीन इतिहासकारानें लिहिलें आहे. माणसेंहि माणसांशीं लढत आणि मरत. त्यांतलीं बहुतेक गुलाम किंवा कैदी. बाहेर लोखंडी टोप घातलेल्या योद्ध्यांचीं खेळणीं विकत मिळतात आणि सगळेंच एक गमतीचें नाटक होतें असा भास होतो. कित्येक आईबाप मुलें लहान आहेत म्हणून हा विषय टाळतात. माझें मत वेगळें आहे. रक्ताचें वर्णन करूं नये. परंतु ‘येथें माणसें करमणुकीखातर मारलीं जात आणि बाकीचे लोक टाळ्या वाजवीत’ हें एक वाक्य सांगितल्यावांचून मुलाला त्या दारांतून आंत नेऊं नये. तें वाक्य ऐकून माझी नात म्हणाली, ‘आजोबा, कोणीच नको म्हटलें नाहीं?’ म्हणणारे थोडे होते. सेनेका या तत्त्ववेत्त्यानें, ही इमारत उभी राहण्यापूर्वींच, अशा खेळांविषयीं आपला तिटकारा लिहून ठेवला होता. आणि आज जगांत एखादा देश फांशीची शिक्षा रद्द करतो, त्या वेळीं याच कोलोसियमवर सोनेरी प्रकाश टाकण्याची पद्धत सुमारें २००० सालापासून पडली आहे. मुलांना हें सांगावें आणि गप्प बसावें. पुढचा विचार तीं करतात.

इतकें झाल्यावर त्याच दिवशीं दुसरें कांहीं पाहूं नये. अर्ध्या दिवसाला एक स्थळ, हा माझा हिशेब. उरलेला वेळ बोर्गेझे बागेंत घालवावा. तेथें तळ्यांत वल्ह्यांच्या होड्या मिळतात आणि पिंचो टेंकडीच्या बाजूस पाण्यावर चालणारें, एका पाद्र्यानें योजलेलें एकोणिसाव्या शतकांतील घड्याळ आहे. मुलें भुकेलीं झालीं तर मोठ्या खानावळींत शिरण्याचें कारण नाहीं. गल्लोगल्लीं पिझ्झा वजनावर कापून विकतात. शंभर ग्रॅमला तेथें ‘एत्तो’ म्हणतात. ‘दोन एत्तो’ असें मुलानें स्वतः मागावें, काट्यावरचा आंकडा वाचावा आणि पैसे मोजून द्यावे. परक्या भाषेंतला पहिला व्यवहार असा पोटासाठीं झाला म्हणजे विसरत नाहीं. तांबड्या रश्श्यांतल्या तळलेल्या भाताच्या गोळ्यांत बहुधा मांस असतें, तेव्हां शाकाहारी मंडळींनीं विचारून घ्यावें.

संग्रहालय एकच पाहावयाचें असेल तर कॅपिटोल टेंकडीवरचें पाहावें. १४७१ मध्यें पोप चौथा सिक्स्टस यानें कांशाच्या मूर्ति रोमच्या लोकांना दिल्या, तेथपासून त्याचा आरंभ धरतात. अंगणांत सम्राट कॉन्स्टंटाइनच्या प्रचंड पुतळ्याचे तुकडे मांडले आहेत: डोकें, हात, पाऊल. त्या पावलाशेजारीं मुलाला उभें करावें आणि उरलेला माणूस किती उंच असेल याचा अंदाज त्यालाच बांधूं द्यावा. आंत लांडगी आणि तिचें दूध पिणारे रोम्युलस-रीमस हे जुळे भाऊ आहेत. त्यांतले जुळे पंधराव्या शतकांत मागाहून जोडले, हें ऐकून मुलांना भारी आनंद होतो. मोठ्यांचीहि फसगत होते, हें त्यांना कोणीं तरी सांगावयास हवें असतें.

ही तयारी घरूनच करावयाची असेल तर निघण्यापूर्वीं कोल्हापुरास जावें. तेथें पंचगंगेकांठीं ब्रह्मपुरीच्या टेंकाडावर १९४५ सालच्या सुमारास उत्खनन झालें, त्यांत समुद्रदेव पोसायडन याची कांशाची लहानशी मूर्ति सांपडली. ती टाउन हॉलमधील संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. रोमकडील माल समुद्रानें आपल्या किनाऱ्यावर येत असे आणि इकडून मिरीं व कापड जात असे, त्या व्यापाराची ती खूण. ती ज्या मुलानें पाहिली आहे, त्याला नव्होना चौकाच्या उत्तर टोंकास कारंज्यांत उभा असलेला नेपच्यून अनोळखी वाटत नाहीं. देव तोच, नांव रोमन.

रोज दुपारीं बारा वाजतां जानिकोलो टेंकडीवर तोफ उडते. पोप नवव्या पायसनें १८४७ मध्यें ही प्रथा घातली. शहरांतल्या देवळांच्या घंटा वेगवेगळ्या वेळीं वाजत, त्यांना एक वेळ मिळावी हा हेतु. लढाईच्या काळांत ती बंद पडली, ती १९५९ पासून पुन्हां चालू आहे. दहा मिनिटें आधीं कठड्याशीं जाऊन उभें राहावें, म्हणजे तोफ बाहेर ओढून आणतांना दिसते. आवाज मोठा असतो. तान्हीं मुलें असतील तर दूर थांबावें.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. सरकारी संग्रहालयांत आणि कोलोसियममध्यें १८ वर्षांखालील मुलांना प्रवेशमूल्य पडत नाहीं. परंतु वयाचा पुरावा म्हणून मुलाचा पासपोर्ट जवळ असावा आणि कोलोसियमची वेळ आधीं राखून ठेवावी. जुलै-ऑगस्टांत जाऊं नये, ऊन आपल्याकडच्यासारखेंच भाजतें. आपल्या शाळांना सुट्टी असते तो एप्रिलचा शेवट व मे हा त्या मानानें सुखाचा काळ. शेवटचा दिवस मोकळा असेल तर आप्पियन मार्गावर जावें. इ. स. पूर्व ३१२ मध्यें आखलेला हा रस्ता, त्याचे काळे दगड कांहीं ठिकाणीं अजून जागेवर आहेत. तेथें सायकली भाड्यानें मिळतात. लहान मुलांना मात्र त्या दगडांवर सायकल देऊं नये, फार उसळते. त्यांना पायीं चालवावें, आणि पायांत जाड तळाचे जोडे असावेत.