मालमोटारीतील वीज

सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात खापर हे गाव वसले आहे. अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरकडे जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. त्यामुळे येथे मालमोटारींची वर्दळ सदैव चालू असते. कोणी मिरचीची पोती नेत असतो, कोणी पपई, कोणी कापूस, तर कोणी वाळू आणि सिमेंट. यांतील सगळ्याच मोटारी काही नव्या नसतात. टाटा 407 ही लहान मालमोटार 1986 साली प्रथम बाजारात आली. त्या जातीच्या जुन्या गाड्या अनेक पावसाळे अंगावर घेऊन आजही गावोगाव राबताना दिसतात.

अशा जुन्या मोटारीचे इंजिन बहुधा चिवट असते, आणि त्याचे काही बिघडलेच तर आवाजावरून, धुरावरून ते कळून येते. विजेचे दुखणे मात्र मुके असते. काल लागणारा दिवा आज लागत नाही. रात्री धडधाकट असलेली बॅटरी सकाळी उतरलेली असते. आणि बाहेरून पाहावे तर सर्व काही जागच्या जागी असते. अशा वेळी पुष्कळ जण अंदाजाने एकेक वस्तू बदलू लागतात. आधी बल्ब, मग बॅटरी, मग स्टार्टर. पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. विजेची वाट नीट समजून घेतली, तर हा खर्च बहुतेक वेळा टळतो.

वीज ही वर्तुळाने फिरणारी गोष्ट आहे. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला प्रवाह दिव्यातून जातो आणि बॅटरीच्या दुसऱ्या टोकाशी परत येतो. ही फेरी कोठेही तुटली की दिवा विझतो. घरातील दिव्याला दोन तारा असतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. मोटारीच्या दिव्याकडे मात्र पुष्कळदा एकच तार गेलेली दिसते. मग प्रवाह परत कोणत्या वाटेने येतो? तो मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून येतो! बॅटरीचे ऋण टोक एका जाड पट्टीने सांगाड्याला जोडलेले असते, आणि प्रत्येक दिव्याचे दुसरे टोकही सांगाड्यालाच टेकविलेले असते. तारेचा निम्मा खर्च वाचविण्याची ही युक्ती आहे.

कारागीर या परतीच्या वाटेला 'अर्थ' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आला असून त्याचा अर्थ पृथ्वी असा आहे. वास्तविक मोटार रबरी चाकांवर उभी असते आणि तिची वीज जमिनीत मुळीच जात नाही. तरीही नाव रूढ झाले ते झालेच. वाक्यातला अर्थ हरपला तर शब्द शाबूत असूनही वाक्य निकामी होते. मोटारीचा 'अर्थ' हरपला म्हणजेही तसेच होते.

आणि तो हरपतो नेमका सांध्यांवर. सांगाड्याचे लोखंड सहसा तुटत नाही. पण जेथे पट्टी बोल्टाने आवळलेली असते, तेथे पावसाचे पाणी शिरते, धूळ बसते, हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो आणि गंज चढतो. गंज म्हणजे लोखंड नव्हे. त्यातून वीज नीट वाहत नाही. बॅटरीच्या टोकांवर जमणारी पांढरट हिरवी भुकटीही तशीच अडथळा करणारी असते.

अडथळा थोडा असला तर किती बिघडते, हे गणिताने पाहता येते. जर्मनीतील कोलोन शहरी शाळेत शिकविणारे गेओर्ग ओम यांनी तारांवर प्रयोग केले आणि आपला सिद्धांत 1827 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. अडथळ्यावर खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, असा तो सोपा नियम आहे. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओममध्ये.

आता समजा, खापरच्या एका चालकाने पहाटे पपई भरली आहे. उन्हे चढण्यापूर्वी माल बाजारात पोचला नाही, तर फळ मऊ पडून भाव उतरणार. त्याने दिवे लावून पाहिले. ते लख्ख लागले. त्याने किल्ली फिरविली. 'टक्' असा एकच आवाज झाला, दिवे एकदम मंदावले आणि इंजिन काही फिरेना. चालक म्हणाला, "बॅटरी गेली." शेजारच्या गाडीची बॅटरी काढून बसविली, तरी तीच गत. मग तो म्हणाला, "सेल्फ गेला." सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर. ती दुरुस्त करावयाची म्हणजे दिवस मोडणार आणि खिसाही रिकामा होणार.

येथे गणित कामास येते. समोरचे दोन दिवे मिळून सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात. स्टार्टरला मात्र 200 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतो. बॅटरीची पट्टी सांगाड्याला जेथे जोडली आहे, तेथे गंजामुळे 0.02 ओम इतका लहानसा रोध उत्पन्न झाला आहे असे धरू. दिव्यांच्या वेळी या सांध्यावर 10 गुणिले 0.02, म्हणजे अवघा 0.2 व्होल्ट वाया जातो. तो डोळ्यांना जाणवतही नाही. स्टार्टरने आपला 200 अँपिअर प्रवाह ओढावयाचा म्हटले, तर त्याच सांध्यावर 4 व्होल्ट खर्ची पडतील. मग 12 व्होल्टांतील उरले किती? तेवढ्यावर इंजिन कसे फिरणार? दिव्यांची परतीची वाटही त्याच सांध्यावरून असल्यामुळे तेही त्याच क्षणी मंदावतात, आणि दोष निरपराध बॅटरीवर येतो.

जाणता कारागीर अशा वेळी व्होल्टमापक घेतो. त्याचे एक टोक तो बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवितो, व चालकास किल्ली फिरविण्यास सांगतो. वाट निर्वेध असेल तर काटा जेमतेम हलतो. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले, तर चोर याच वाटेवर दडला आहे असे समजावे. मग पट्टी सोडवावयाची, गंज आणि रंग पॉलिश कागदाने घासून धातू चकचकीत करावयाचा, बोल्ट आवळावयाचा आणि वर थोडे ग्रीस लावावयाचे. एवढ्याने मोटार सुरू होते. मात्र ही पट्टी सोडविताना बॅटरीवरील ऋण टोक आधी मोकळे करावे. धन टोक आधी सोडवू गेले आणि हातातील पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू भडकण्यास ठिणगी पुरेशी असते. बॅटरीजवळ काडी ओढून आत डोकावण्याची काहींना सवय असते. ती सोडलेली बरी.

परतीची वाट बंद झाली की वीज कधीकधी दुसरीच वाट शोधते, आणि मग मोठी गंमत दिसते. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा नीट न लागता भलताच दिवा मिणमिणू लागतो! मागील दिव्याच्या बल्बात पुष्कळदा दोन तंतू असतात: एक रात्रीच्या तांबड्या दिव्याचा, दुसरा ब्रेकचा. त्या दिव्याचा 'अर्थ' गंजला, तर ब्रेकचा प्रवाह दुसऱ्या तंतूतून उलटा शिरतो आणि तांबड्या दिव्यांच्या तारेवरून पलीकडच्या बाजूस जाऊन तेथील 'अर्था'ने घरी परततो. असे चमत्कारिक लक्षण दिसले की बल्ब बदलत बसू नये. त्या दिव्याचा सांगाड्याशी असलेला सांधा आधी पाहावा.

दिवा मुळीच लागत नसेल, तर तपासणीची रीत वेगळी. बल्बाचा तंतू तुटलेला नाही, हे प्रथम पाहून घ्यावे. त्यानंतर उपयोगी पडतो तो टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला एक लहानसा बल्ब. त्याचा चिमटा सांगाड्याच्या स्वच्छ धातूला लावून दुसरे टोक संशयित तारेला टेकवितात. बल्ब लागला तर तेथवर वीज पोचते आहे. बॅटरीपासून मागील दिव्यापर्यंत आठ तुकडे असतील, तर नवशिका एका टोकापासून क्रमाने तपासू लागतो. अनुभवी मनुष्य मधोमध टेकवितो. तेथे वीज असली तर दोष पुढच्या चार तुकड्यांत, नसली तर मागच्या चारांत. मग त्या चारांच्या मध्यावर, नंतर दोनांच्या मध्यावर. तीन चाचण्यांत दोष हाती येतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण तो मध्येच उघडतो, तसेच हे आहे.

फ्यूज जळालेला आढळला तर पुष्कळांना हायसे वाटते. फ्यूज घातला की काम झाले, असे त्यांना वाटते. पण फ्यूज हा पहारेकरी आहे; तो पडला म्हणजे चोर आत शिरला आहे. कोठेतरी तारेवरचे आवरण सांगाड्याच्या धारेवर घासून फाटलेले असते, किंवा उंदरांनी कुरतडलेले असते, आणि उघडी तार लोखंडाला टेकत असते. नवा फ्यूजही मग जळतो. तेव्हा घाई झालेला चालक त्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळतो. ही गोष्ट फार घातक आहे. आता फ्यूज वितळत नाही. त्याऐवजी आतली सगळी तार तापते आणि तिचे आवरण पेट घेते. मागे कापूस भरलेला असेल, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको.

राहता राहिले बॅटरी भरण्याचे काम. इंजिन चालू असताना पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरीत असतो. भरलेली, विसावलेली 12 व्होल्टांची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू झाल्यावर हा आकडा सुमारे 14 वर गेला पाहिजे. तो वर गेला नाही, तर पट्टा सैल आहे का, कार्बन ब्रश झिजले आहेत का, हे पाहावे.

जुन्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत येथे एक धोका आहे. त्यात ठिणगी लागत नाही; एकदा सुरू झाले की ते विजेवाचून चालते. म्हणून अल्टरनेटर बंद पडला तरी दिवसा चालकाला पत्ता लागत नाही. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोई घाटाने चढतो. अशा घाटात रात्रीच्या वेळी वळणामागून वळण येत असता, इंजिन व्यवस्थित चालू असूनही समोरचे दिवे पिवळे पडत जावेत, यापरती कठीण वेळ नाही. ती टाळण्यासाठी चालकासमोर बॅटरीचे चिन्ह असलेला एक लहान तांबडा दिवा दिलेला असतो. किल्ली फिरविताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालताना तो लागला तर बॅटरी भरत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु किल्ली फिरविल्यावर तो लागलाच नाही, तर बहुतेक जण तिकडे लक्ष देत नाहीत. त्याचा बल्ब गेलेला असण्याचा संभव असतो. आणि पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरला वीज निर्माण करू लागण्यासाठी लागणारा आरंभीचा थोडासा प्रवाह त्याच बल्बातून मिळत असतो.