पलटणींची टोपणनावे (भारतीय सैन्य)

पलटणींची टोपणनावे म्हणजे सैन्यातील रेजिमेंटांना, बटालियनांना व दलांना अधिकृत नामावलीबाहेर मिळालेली नावे होत. ती शिपायांनी स्वतः घेतलेली, शेजारच्या तुकडीने थट्टेने दिलेली किंवा क्वचित शत्रूने बहाल केलेली असतात. त्यांतील बरीच नावे गणवेशाचा रंग, पलटणीचा क्रमांक, नावातील आद्याक्षरे किंवा उच्चाराची गफलत यांतून निर्माण झाली आहेत. या लेखात प्रामुख्याने जुन्या मुंबई इलाख्याच्या लष्कराशी आणि पुणे, खडकी, दापोडी व देहू रोड या लष्करी पट्ट्याशी संबंधित नावांचा विचार केला आहे.

पलटण हा शब्ददेखील शिपायांच्या तोंडी घडलेला आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान गोळा, पुंजका असा असून त्यावरून इंग्रजीतील प्लाटून हा शब्द आला. इंग्रजीत प्लाटून म्हणजे काही डझन सैनिकांची लहान तुकडी. हिंदुस्थानी शिपायांनी मात्र तोच शब्द अख्ख्या बटालियनसाठी वापरला व मराठीतही तो त्याच अर्थाने रुळला.

काली पांचवीं

मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन ‘काली पांचवीं’ म्हणजे काळी पाचवी या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या बटालियनला पाचवी का म्हणतात, हा प्रश्न नव्या वाचकाला पडतो. त्याचे उत्तर या पलटणीच्या क्रमांकांच्या इतिहासात आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेटाच्या रक्षणासाठी १७६० च्या दशकाच्या अखेरीस शिपायांच्या ज्या पलटणी उभारल्या, त्यांपैकी ही एक होय. १८२४ च्या पुनर्रचनेत ती मुंबई लष्कराची पाचवी नेटिव्ह इन्फंट्री झाली. लाल गणवेशाच्या कॉलर व बाह्यांवर लावल्या जाणाऱ्या काळ्या कापडाशी नावातील ‘काळी’ या शब्दाचा संबंध जोडला जातो. १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथील गढी या पलटणीच्या लहानशा तुकडीने कॅप्टन लुइस ब्राउन याच्या नेतृत्वाखाली मरी टोळ्यांच्या वेढ्यात सुमारे पाच महिने लढवली. सुटकेसाठी आलेली फौज नफुस्कच्या खिंडीतून परत फिरवली गेली, तरी गढी पडली नाही. सप्टेंबरअखेर वाटाघाटी होऊन तुकडी शस्त्रांसह बाहेर पडली. पुढील वर्षी, १८४१ मध्ये, पलटणीला लाइट इन्फंट्री हा बहुमान मिळाला.

१९०३ मध्ये लॉर्ड किचनेरच्या पुनर्रचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत सरसकट शंभर मिळवण्यात आले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी. १९२२ मध्ये अनेक जुन्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंटा बनवल्या गेल्या, तेव्हा १०५ वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन ठरली. या नव्या रेजिमेंटचा क्रमांकही पाचच निघाला, हा निव्वळ योगायोग होय. टोपणनावाचा त्याच्याशी संबंध नाही. पुढे रेजिमेंटच्या नावातील तो आकडाही गेला. अशा रीतीने सरकारी कागदांवर पाचवी, एकशे पाचवी आणि दुसरी असे क्रमांक बदलत गेले, परंतु शिपायांनी १८२४ चा क्रमांक सोडला नाही. आज ‘पाचवी’ हा शब्द केवळ टोपणनावात उरला आहे. पहिल्या बटालियनचे, म्हणजे जुन्या १०३ व्या पलटणीचे, ‘जंगी पलटण’ हे नावही असेच चालत आले आहे. मात्र त्यात थट्टेपेक्षा अभिमान अधिक आहे.

गणपत

मराठा सैनिकाला भारतीय सैन्यात ‘गणपत’ म्हणण्याची जुनी प्रथा आहे. ब्रिटिश टॉमीसारखेच हे एका व्यक्तिनामाचे जातिवाचक नाम झालेले रूप होय. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून भरती होणाऱ्यांत गणपत हे नाव सर्रास आढळे, एवढाच त्याचा आधार. मद्रास सॅपर्समधील सैनिकाला म्हटले जाणारे ‘थंबी’ हे नाव तमिळमधील धाकट्या भावासाठीचा शब्द आहे. त्यात निदान नाते आहे. ‘गणपत’ मात्र शेकडो निरनिराळ्या माणसांना एकाच नावाने हाक मारतो. तरीही रेजिमेंटमध्ये ते नाव खुशीने स्वीकारले गेले व आजही आपुलकीने वापरले जाते.

या नावाची एक उलटी कथाही आहे. मार्टिन लुई अ‍ॅलन गॉम्पर्ट्झ (१८८६–१९५१) या हिंदी सैन्यातील इंग्रज अधिकाऱ्याचे आडनाव शिपायांना उच्चारता येईना, म्हणून ते त्याला गणपत म्हणू लागले. पुढे त्याने याच नावाने कादंबऱ्या व प्रवासवर्णने प्रसिद्ध केली. साहेबांनी शिपायांना दिलेले नाव शिपायांनी साहेबाला दिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

सैनिकांमुळे गावालाच टोपणनाव मिळाल्याचे उदाहरण सातारा जिल्ह्यात आढळते. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले आपशिंगे हे गाव ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते.

बोंबील आणि इतर गोरे

थट्टा केवळ शिपायांच्या वाट्याला आली असे नाही. कंपनीच्या तीन इलाख्यांतील गोरे अधिकारीही एकमेकांना नावे ठेवत. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशानुसार बंगालकडचे ते ‘कोई है’, कारण ते नोकराला तशी हाक मारीत; मद्रासकडचे ‘मल’, कारण त्यांना मुळगतान्नी हे सार प्रिय होते; आणि मुंबईकडचे ‘डक’. हा डक म्हणजे बदक नव्हे. बोंबलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणत, त्यावरून हे नाव आले. मुंबई लष्कराच्या रुबाबदार साहेबांना त्यांचेच सहकारी बोंबील म्हणत होते, असा याचा सरळ अर्थ होतो.

मुंबईच्या युरोपियन रेजिमेंटला ‘ओल्ड टफ्स’, म्हणजे जुने चिवट, असे म्हणत. ही रेजिमेंट ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांविरुद्धच्या खडकीच्या लढाईत होती व ‘किर्की’ हा युद्धसन्मान तिने पुढे आपल्या निशाणावर वागवला. १८६२ मध्ये ती ब्रिटिश सैन्यात १०३ वी रेजिमेंट म्हणून सामील झाली, १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन बनली आणि १९२२ मध्ये, आयर्लंड स्वतंत्र होत असताना, विसर्जित झाली.

आद्याक्षरांवरील कोट्या

लढाऊ पलटणींच्या नावांत निदान रंग व पराक्रम असतो. पुरवठा, सामग्री व वैद्यकीय दलांच्या वाट्याला बहुधा आद्याक्षरांवरील कोट्याच येतात. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कॉर्प्सची आद्याक्षरे जोडून वाचली की इंग्रजीत ‘राइस’सारखा ध्वनी होतो. ज्या दलाने सैन्याला तांदूळ पुरवायचा, ते ‘राइस कॉर्प्स’ ठरणे अपरिहार्यच होते. स्वातंत्र्यानंतर नावातील ‘रॉयल’ व ‘इंडियन’ हे शब्द गेले आणि कोटीचा आधारही गेला. ब्रिटिशांच्या ऑर्डनन्स दलाला त्याच पद्धतीने ‘रॅग अँड ऑइल कंपनी’, म्हणजे चिंध्या आणि तेलाची कंपनी, असे म्हणत. वैद्यकीय दलाच्या आद्याक्षरांचा विस्तार तर ‘माझ्या सोबत्यांना लुटा’ अशा अर्थाचा केला जाई. पिंपरी-चिंचवडलगतच्या देहू रोड येथे ऑर्डनन्स दलाचा मोठा डेपो आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला दापोडी येथे १९४८ पासून लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे व मुळा नदीपलीकडे खडकीत बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. सॅपर हा शब्द खंदक खणण्याच्या क्रियेवरून आला. म्हणजे खणणारा हेच या अभियंत्यांचे अधिकृत पद आहे. याच दलातील रामा राघोबा राणे यांना १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर केल्याबद्दल परमवीर चक्र मिळाले. ब्रिटिश सैन्यातील रॉयल इंजिनिअर्सविषयी मात्र, ते वेडे, विवाहित किंवा मेथॉडिस्ट पंथाचे असतात, अशी जुनी म्हण होती.

शत्रूने दिलेले नाव

१८१७ मध्ये पुणे करारानुसार उभारलेल्या घोडदळाचा वारसा सांगणारी पूना हॉर्स ही रेजिमेंट आता रणगाड्यांची आहे. १९७१ च्या बसंतरच्या लढाईनंतर प्रतिपक्षाने तिला ‘फख्र-ए-हिंद’ म्हटले, असे रेजिमेंटची परंपरा सांगते. याच लढाईत १६ डिसेंबर रोजी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. या नावात विनोद नाही. परंतु तेही सरकारी आदेशाने मिळालेले नाही, म्हणून त्याचा समावेश येथे केला आहे.