सरासरीच्या आड दडलेला अन्याय

यंत्राला वंश नसतो, जात नसते. म्हणून त्याचा निर्णय निःपक्षपाती असतो, असा एक नवा समज जोरात पसरवला जात आहे. तो किती पोकळ आहे हे गणितानेच दाखवून दिले आहे आणि ते दाखवणाऱ्यांत पीएच.डी.चा एक विद्यार्थी होता.

यंत्र शिकते कसे? त्याला जुन्या नोंदी पुरवल्या जातात आणि एकूण चुका कमीत कमी होतील असे सूत्र शोधले जाते. यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात. आता शंभर माणसांत नव्वद एका समाजाची आणि दहा दुसऱ्या समाजाची आहेत असे समजा. नव्वदांबाबत बरोबर आणि दहाच्या दहा जणांबाबत चूक निर्णय देणारे यंत्रही नव्वद टक्के अचूक ठरते! सरासरी उत्तम, पण ते दहा जण मात्र भरडले गेले.

अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचे गुण देणारी ‘कॉम्पास’ नावाची संगणकप्रणाली न्यायालयांत वापरली गेली. २०१६ साली ‘प्रोपब्लिका’ने फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीच्या नोंदी तपासल्या. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना प्रणालीने धोकादायक ठरवले होते. गोऱ्यांत हेच प्रमाण सुमारे २३.५ टक्के होते. कंपनीने बचाव केला की, सारखे गुण मिळालेल्या काळ्या-गोऱ्यांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सारखेच आहे.

त्याच वर्षी जॉन क्लाइनबर्ग, सेंधिल मुल्लैनाथन आणि कॉर्नेल विद्यापीठातील पीएच.डी.चा विद्यार्थी मनीष राघवन यांनी सिद्ध केले की, दोन गटांतील मूळ प्रमाण वेगळे असेल आणि भाकीत शंभर टक्के अचूक नसेल, तर न्यायाच्या अशा कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. म्हणजे एक कसोटी निवडावी लागते. ती निवड सूत्र करत नाही, माणसे करतात. शिवाय ‘मूळ प्रमाण’ तरी कशावरून काढायचे? पोलिसांनी कोणाला पकडले, याच्याच नोंदींवरून ना?

आरोपीला मात्र हे सूत्र पाहायलाही मिळत नाही, कारण ते कंपनीचे व्यापारी गुपित! २०१६ च्या ‘स्टेट विरुद्ध लूमिस’ खटल्यात विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने काही इशारे देऊन अशा गुणांचा वापर मान्य केला. ज्या पुराव्याची उलटतपासणी होत नाही, त्याला न्याय कसे म्हणायचे?

म्हणूनच हे गणित कोण करतो, हा प्रश्न आपलाही आहे. २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींमधील पीएच.डी. प्रवेशांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ९ टक्के आणि जमातींचा सुमारे २ टक्के होता. कायद्याने ठरलेले आरक्षण आहे १५ आणि साडेसात टक्के! सरासरीत हरवलेल्या त्या दहा जणांची मुले संशोधनाच्या खोलीत नसतील, तर त्यांच्या बाजूची कसोटी मांडणार कोण?

आपल्या मुलांनी वकील व्हावे, अधिकारी व्हावे, हे खरेच. पण गणितातही पीएच.डी. करावी. उद्याचे निकाल तिथेही लिहिले जाणार आहेत.