वीण, रंग आणि अलंकार

मराठी समीक्षेत ‘पोत’, ‘वीण’, ‘धागा’ हे शब्द सर्रास येतात. ते मूळचे मागावरचे, याचा मात्र विसर पडलेला असतो. ‘ओतप्रोत’चेही तसेच. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला हे सारे कशात ओतप्रोत आहे असे विचारते, तेव्हा तो प्रश्न विणकामाच्या भाषेतला असतो. मराठीत त्याचा ‘काठोकाठ भरलेले’ एवढाच अर्थ उरला आहे. ही रूपके नेमकी वापरावयाची तर वस्त्राची रचना पाहणे अगत्याचे ठरते.

मागावर ताणलेले उभे सूत म्हणजे ताणा. धोट्याने त्यातून ओवलेले आडवे सूत म्हणजे बाणा. सुताची जाडी, पीळ आणि विणीची घनता यांवरून पोत ठरतो. या रचनेवर नक्षीचा रंग मुख्यतः तीन प्रकारे येतो.

पहिला प्रकार छपाईचा. २०११ पर्यंत गाझियाबाद जिल्ह्यात असलेल्या व आता हापुड जिल्ह्यात मोडणाऱ्या पिलखुव्याच्या चादरी यासाठी प्रसिद्ध आहेत. येथे कापड आधी विणून होते, ठशांची नक्षी नंतर उमटते. रंग तंतूत पक्का मुरला तरी विणीशी त्याचा संबंध नसतो. दुसरा प्रकार बनारसी किनखाबाचा. त्यात नक्षीसाठी जादा बाणा घालतात. तो काढून घेतला तरी खालची वीण शाबूत राहते.

तिसरा प्रकार पैठण-येवल्याच्या पैठणीचा. रेशीम विणण्यापूर्वीच रंगवलेले असते. पारंपरिक पदरावर प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी चालते आणि शेजारचे दोन रंग सीमेवर एकमेकांत गुंतवले जातात. आकृतीखाली वेगळी जमीन नसते. मोराचे रेशीम ओढून काढले तर तेथे नुसता ताणा उरेल. दोन्ही बाजूंनी पदर जवळजवळ सारखा दिसतो तो यामुळेच. धूपछाव पैठणीत तर ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दिसणारी छटा दोघांच्या गुंफणीची असते.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अलंकारांना अंगावरील कड्यांची उपमा दिली; पण रसाला अनुकूल अलंकार वेगळ्या प्रयत्नावाचून सिद्ध व्हावा, असेही सांगितले. पहिले म्हणणे ठशाच्या जवळचे आहे, दुसरे पैठणीच्या. अनुवादकाला हा भेद टाळता येत नाही. छापलेला अलंकार गाळला तर शोभा उणावते. विणलेला गाळला तर वस्त्रच विरते.