'पुट ऑफ' म्हणजे संपले नव्हे!

आपली मुले-मुली इंग्रजीत मागे पडतात ती शब्द कमी येतात म्हणून नव्हे. 'पोस्टपोन' त्यांना येते, 'कॅन्सल' येते. पण कंपनीतून फोन येतो, इंटरव्ह्यू 'पुट ऑफ' झाला आहे, आणि मुलगा समजतो, सगळे संपले. अरे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलला! रद्द झाला असता तर 'कॉल्ड ऑफ' म्हणाले असते. 'ऑफ' दोन्हींत आहे, पण एकात संधी शिल्लक आहे, दुसऱ्यात नाही.

'पुट' म्हणजे ठेवणे, एवढे पाठ असून भागत नाही. 'पुट आऊट' म्हणजे विझवणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. मग पोरे म्हणतात, ही भाषा आपल्या डोक्याबाहेरची. अजिबात नाही. आपली आई घरात रोज हेच बोलते. 'देऊन टाक', 'बोलून बसला'. यात टाकणे कुठे आहे? बसणे कुठे आहे? आणि 'बघून घेईन' यात तर ना बघणे, ना घेणे, नुसती धमकी! ती जोडी आपण अख्खीच शिकलो, वाक्यासकट. इंग्रजीतली जोडीही तशीच शिकायची.

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे कित्येक पिढ्या दरबारात फ्रेंच आणि विद्वानांत लॅटिन. त्या वळणाचे शब्द भारदस्त ठरले. शेतकरी-कामकरी मात्र 'गिव्ह', 'लुक' असल्या आखूड शब्दांवरच काम भागवत राहिले. 'स्थगित' आणि 'पुढे ढकलले' यांत जो फरक, तोच हा. आपल्या पोरांना पुस्तकातून भारदस्त शब्द मिळतात, फोनवर समोरचा बोलतो आखूड.

शब्दयोगी अव्ययांचे दुखणे वेगळे. आपला 'वर' नामाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत तो आधी येतो, हे लवकर कळते. पण टेबलावर 'ऑन', डोक्यावरचा पंखा 'ओव्हर', माझ्यावर रागावला तर 'विथ', कामावर गेला तर 'टू'. आणि कुणावर प्रेम केले तर काहीच नाही! 'वर म्हणजे ऑन' हा वर्गातल्या भिंतीवरचा तक्ता आधी फाडून टाकावा.

विहारात संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी आठवड्याला एकच क्रियापद घ्यावे. 'लुक'पासून सुरुवात करावी. लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक डाऊन ऑन म्हणजे तुच्छ लेखणे. शेवटच्याला उदाहरण शोधत बसावे लागणार नाही.